घुमणारा हॉल, झगमगणारी लादी : बिल्डरकडून मिळालेली खोली राहण्याजोगी कशी करावी

बिल्डरकडून ताबा मिळालेल्या फ्लॅटचा हॉल बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातला असतो. १० × १६ फूट, उंची साडेनऊ, खाली २ × २ च्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना पुट्टी आणि पांढरा रंग, एका बाजूला अॅल्युमिनियमची सरकती खिडकी. सगळं कठीण, सगळं चकचकीत. बोललं की आवाज घुमतो, ट्यूब लावली की लादीत दुसरी ट्यूब दिसते, डिसेंबरात सकाळी पाय टेकवत नाही आणि एप्रिलमध्ये दिवेलागणीनंतरही भिंत तापलेली असते. यावर ठरलेला उपाय म्हणजे फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट आणि एका भिंतीला गडद रंग. त्याने फोटो चांगले येतात. तक्रारी मात्र होत्या तिथेच राहतात, कारण लादी तीच, काच तीच आणि भिंती तितक्याच टणक.

खरेदीला निघण्याआधी, खोली रिकामी असतानाच, चार तपासण्या करून घ्या. मध्यभागी उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा, मग समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींच्या मधोमध उभं राहून पुन्हा वाजवा. रात्री दिवे लावून, सोफा जिथे येणार तिथे खुर्ची टाकून बसा आणि लादीत व टीव्हीच्या जागी कुठला दिवा चमकतो ते पाहा. सकाळी लवकर अनवाणी फिरा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. घर शेवटच्या मजल्यावर असेल तर स्टुलावर चढून स्लॅबलाही. कुठल्या भिंतीला, कुठल्या बाजूला काय जाणवलं ते कागदावर लिहून ठेवा. पुढचा सगळा खर्च या कागदावरून ठरवायचा आहे, कॅटलॉगवरून नाही.

आवाज

घुमण्याचं गणित अवघड नाही. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असे प्रयोग त्याने केले. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात :

घुमण्याचा वेळ (सेकंद) = ०.१६१ × खोलीचं घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा शोषणांक (येणाऱ्या आवाजाचा किती भाग तो गिळतो तो अंक). उघडी खिडकी आवाज परत पाठवतच नाही, म्हणून तिचा अंक १. टाइल, पुट्टी, सिमेंट यांचा ०.०२ ते ०.०३ च्या आसपास.

आपला हॉल मीटरमध्ये साधारण ३ × ५ × २.९, म्हणजे ४३.५ घनमीटर. ०.१६१ ने गुणलं की जवळजवळ ७ येतात, तेव्हा या मापाच्या हॉलपुरतं सूत्र सोपं झालं : ७ भागिले शोषण. जमीन, छत आणि चार भिंती मिळून ७६ चौरस मीटर; ०.०३ ने गुणून शोषण २.३. म्हणजे रिकाम्या हॉलचा वेळ ३ सेकंद. (पॅसेजचं दार उघडं असेल तर प्रत्यक्षात बराच कमी, कारण ते दार उघड्या खिडकीचंच काम करतं.) गप्पा, टीव्ही, फोन सगळं स्वच्छ ऐकू यायला हाच आकडा अर्ध्या-पाऊण सेकंदापर्यंत आणायचा आहे.

आता सामान आत आणू. कापडी कव्हरचा तीन जणांचा सोफा साधारण दीड एकक (म्हणजे दीड चौरस मीटर शोषण) देतो, शोषण ३.८, वेळ १.८ सेकंद. रेक्झिनचा सोफा यापेक्षा कमी देतो, विशेषतः वरच्या पट्टीत, म्हणजे नेमका भांड्यांचा आणि मुलांच्या किंचाळण्याचा आवाज राहतो. खिडकीला जाड, चुण्यांचे पडदे : आणखी २, वेळ १.२. खाली ५ × ८ फुटांचं जाजम, त्याच्याखाली फेल्ट (दाबलेल्या धाग्यांचा थर) : आणखी २, वेळ ०.९. गादी-लोडांचा दिवाण आणि पुस्तकांचं उघडं कपाट मिळून दीड, वेळ ०.७५. चार माणसं येऊन बसली की प्रत्येकी ०.४५ धरून ०.६. रिकाम्या घरात घुमणारा हॉल हळदीकुंकवाच्या दिवशी घुमत नाही, तो यामुळे.

या हिशेबात ना फॉल्स सीलिंग आलं ना टीव्ही युनिट. साध्या जिप्सम बोर्डाचं सीलिंग बोलण्याच्या पट्टीत पीओपीच्या छतापेक्षा फारसं वेगळं वागत नाही. भोकं असलेला, मागे लोकर भरलेला अकूस्टिक बोर्ड वेगळा, पण तो सांगितल्याशिवाय कुणी लावत नाही. सनमायका लावलेलं युनिट म्हणजे आणखी एक कठीण भिंत.

दोन उघड्या भिंतींच्या मधे टाळी वाजवल्यावर ‘टर्रर्र’ असा फडफडता आवाज आला तर तो वेगळा दोष. आवाज त्या दोन भिंतींमध्येच येरझारा घालत असतो. तिथे दोन्ही भिंतींना काही करायची गरज नाही, एकीला पुरे. बसल्यावर कान जिथे येतात त्या पट्ट्यात, म्हणजे जमिनीपासून ३ ते ५ फुटांत, उघडं पुस्तकांचं कपाट ठेवा किंवा घोंगडी टांगा. दख्खनी मेंढीच्या लोकरीची जाड घोंगडी हे या कामासाठी उत्तम आणि आपल्याकडे सहज मिळणारं साहित्य आहे. ती भिंतीला चिकटवू नका. भिंतीला अगदी लागून हवेची हालचाल जवळजवळ शून्य असते, त्यामुळे तिथे लोकरीला अडवायला काही नसतं. दोन इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या भिंतीत ठोकून त्यांवर घोंगडी सोडली तर तीच घोंगडी खालच्या पट्टीतला आवाजही पकडते.

अंड्यांचे ट्रे लावू नका. पातळ पुठ्ठा फार थोडा आवाज शोषतो, वर धूळ आणि झुरळं. आणखी एक गैरसमज : यातल्या कशानेही रस्त्याचा किंवा वरच्या मजल्यावरचा आवाज थांबत नाही. घुमणं कमी करायला मऊ साहित्य लागतं, बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद असाव्या लागतात. सरकत्या खिडकीच्या चौकटीतली ब्रशसारखी केसाळ पट्टी झिजलेली असेल तर आधी ती बदला. काम थोडं आणि फरक लगेच कळतो.

पडदे

पडद्यांवर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ठरावीक तक्ते पाहिले तर चौरस मीटरला ३४० ग्रॅम वजनाचं कापड सरळ ताणून टांगलं की त्याचा शोषणांक बोलण्याच्या पट्टीत ०.११ येतो. ४७५ ग्रॅमचं कापड निम्म्या रुंदीत चुणून टांगलं की ०.४९. वजन दीडपटही वाढलेलं नाही आणि काम चौपटीहून जास्त झालं. ते चुण्यांमुळे. दुकानातले तयार पॉलिएस्टरचे पडदे बरेचदा याहून हलके असतात, आणि घरी आणल्यावर दोन पडद्यांत अख्खी खिडकी झाकायची म्हणून ताणले जातात. पैसे जातात, घुमणं राहतं.

माप असं काढा. खिडकी ५ फूट रुंद, म्हणजे ६० इंच. दांडी दोन्ही बाजूंनी ८ इंच पुढे काढा, म्हणजे पडदा सारला तरी तो भिंतीवर गोळा होतो, काच अडत नाही. दांडी ७६ इंच. चुण्यांसाठी कापड किमान दुप्पट, १५२ इंच. ४८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर तीन पाट कमी पडतात, चार घ्या. १९२ इंच, म्हणजे अडीचपट. दांडी खिडकीच्या वर ५-६ इंच, जमिनीपासून ९० इंचांवर. पडदा जमिनीपासून अर्धा ते पाऊण इंच वर थांबला पाहिजे; टेकला तर लादी पुसताना खालची कड रोज भिजते आणि महिन्याभरात काळी पडते. ८९ इंच लांबीला वरची दुमड आणि खालची ४-५ इंचांची पट्टी धरून एका पाटाला १०० इंच, चार पाटांना ४०० इंच, म्हणजे सव्वादहा मीटर. मोठी नक्षी असेल तर ती जुळवण्यासाठी प्रत्येक पाटामागे एका नक्षीइतकं कापड जास्त लागतं, हे दुकानदाराला आधी विचारा. सुती कापड शिवायला देण्याआधी पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते ३-४ इंच आखूड होऊन लटकतं. अर्थात आटण्यासाठी तेवढं कापड जास्त घ्यायला हवंच.

आयलेटच्या (वरच्या कडेला धातूच्या कड्या असलेल्या) पडद्याला लाटा आपोआप पडतात, पण वर दांडी आणि कापड यांत फट राहते, तिथून पहाटेचा उजेड येतो. झोपण्याच्या खोलीसाठी चुण्यांची पट्टी आणि हूक बरे. अस्तर पांढरं किंवा फिकट क्रीम घ्या, त्याचं कारण उन्हाच्या भागात येईल.

पायाखाली

डिसेंबरातल्या पुण्या-नाशकात सकाळी लादी, सागवानी पाट आणि ग्रॅनाइटचा ओटा या तिन्हींचं तापमान सारखंच असतं, समजा २२ अंश. पायाला मात्र तिन्ही वेगळे लागतात, कारण त्वचेतली उष्णता ओढून घेण्याचा प्रत्येकाचा वेग वेगळा. ३२ अंशांचा तळवा टेकला त्या क्षणी दोघांच्या मधल्या सीमेवर जे तापमान येतं ते मोजता येतं : ग्रॅनाइटवर साधारण २५, व्हिट्रिफाइडवर २६, सागवानावर २९. गारठा जाणवतो तो या तीन-चार अंशांचा. मे महिन्यात हाच गुण हवासा वाटतो, तेव्हा अख्खी लादी झाकून टाकण्यात शहाणपण नाही. जिथे पाय स्थिर राहतात तिथेच झाका : सोफ्यासमोर, पलंगाच्या कडेला, अभ्यासाच्या टेबलाखाली.

जाजमाखालचं फेल्ट हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कठीण जमिनीवर नुसतं टाकलेलं जाड कार्पेट बोलण्याच्या पट्टीत ०.१४ शोषतं, खाली फेल्टचा थर दिला की ०.५७. वर हिशेबात आलेले दोन एकक फेल्टसकट होते. ते काढलं तर उरतात अर्धा. ६ ते ८ मिलिमीटर जाडीचं फेल्ट जाजमापेक्षा सगळ्या बाजूंनी एकेक इंच लहान कापायचं, म्हणजे कडा जमिनीला टेकतात आणि ठेच लागत नाही. चकचकीत टाइलवर सतरंजी सरकते, त्यासाठी फेल्टखाली रबराची जाळी हवी. घरात वयस्क माणसं असतील तर ही जाळी ऐच्छिक समजू नका.

माप छोटं घेऊ नका. सोफ्याचे पुढचे पाय जाजमावर आलेच पाहिजेत. मधोमध बेटासारखं पडलेलं ३ × ५ चं जाजम हॉल आणखी लहान दाखवतं आणि पायही त्याच्या बाहेरच राहतात. सुती सतरंजी घरी धुता येते, लोकर जास्त शोषते पण धुवायला अवघड, ज्यूट स्वस्त आणि दिसायला छान, पण ओलं झालं की वास मारतं आणि डाग पिवळा उठतो. किनारपट्टीवर ज्यूट टाळाच.

लादी बदलायचीच असेल तर मुख्य फरक असा. कोटा आणि शहाबाद हे चुनखडीचे दगड. पायाला छान, उजेड मऊ परतवतात, वर्षानुवर्षं टिकतात. पण लिंबू, चिंच, व्हिनेगर, संडास साफ करायचं आम्ल यांतलं काहीही सांडलं की पॉलिश जागच्या जागी उतरून पांढुरका डाग पडतो. तो पुसून जात नाही, पुन्हा घासावा लागतो. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइटला लिंबाचं काही होत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाणी अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी शोषते, डाग धरत नाही. तिचे दोष म्हणजे चमक आणि ओल्या पायाला घसरण. मॅट फिनिश घेतलं की दोन्ही कमी होतात. बाथरूम आणि बाल्कनीसाठी टाइलच्या खोक्यावर घसरण किती रोखते ते सांगणारा आर-१० किंवा त्यावरचा अंक बघून घ्या. जुन्या इमारतीत मोझेक किंवा नक्षीची सिमेंट टाइल असेल तर ती उखडण्याआधी पॉलिशवाल्याला बोलवा. मुंबईच्या भारत टाइल्सने १९२२ पासून बनवलेल्या तशा टाइल्स शंभरीला आल्या तरी घासून नव्यासारख्या होतात.

‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून मिळतं ते बहुतेकदा ८ मिलिमीटरचं लॅमिनेट, आत दाबलेला लाकडी भुसा. पायाला उबदार, पण आपल्याकडे बादली आणि ओलं फडकं घेऊन रोज लादी पुसतात. सांध्यांतून पाणी उतरतं, कडा फुगतात, आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. ओलं पुसणं थांबणार नसेल तर एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) किंवा व्हिनाइलच्या पट्ट्या घ्या. दोन्हींना भिंतीलगत ८-१० मिलिमीटर फट सोडून वर स्कर्टिंगने झाकावी लागते. ती न सोडल्यास उन्हाळ्यात पट्ट्या फुगून मधे उचलल्या जातात, आणि कारागीर दोष मालाला देतो.

उजेड

१५ चौरस मीटरच्या हॉलला एकूण ३८०० ते ४००० ल्युमेन पुरतात : २० वॅटची एक एलईडी पट्टी (सुमारे २०००) आणि ९ वॅटचे दोन बल्ब (प्रत्येकी सुमारे ९००). प्रश्न बहुतेकदा उजेड किती याचा नसून तो कुठून येतो याचा असतो. चकचकीत लादीवर छतातले बारा स्पॉटलाइट म्हणजे खाली आणखी बारा. प्रतिबिंब दिसत असेल तर दिवा एक-दोन फूट सरकवला तरी ते बरेचदा नजरेतून जातं, कारण परावर्तनाचा कोन बदलतो. संध्याकाळी छतातला दिवा बंद करून बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, कापडी किंवा कागदी शेड असलेले दोन दिवे लावून पाहा.

रंगाचं तापमान एका खोलीत एकच ठेवा. ६५०० केल्विनची निळसर पांढरी ट्यूब आणि ३००० चा पिवळसर बल्ब एकाच वेळी नजरेत आले की पांढरी भिंत एका बाजूला आजारी दिसते. बसण्याच्या खोलीला ३०००, स्वयंपाकघराला ४०००. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा अंक) ९० किंवा जास्त लिहिलेला दिवा घ्या. ८० च्या दिव्याखाली लाल रंग मरतो, आणि डाळिंबापासून पैठणीपर्यंत सगळं मळकट वाटतं.

भिंतीच्या कडेने छतात लपवलेली प्रोफाइल लाइट करण्याआधी पुट्टी तपासा. अंधारात मोबाइलची टॉर्च भिंतीला टेकवून उजेड समांतर सोडा. जो उंचवटा, जी पट्टीची रेघ त्यात दिसेल ती नंतर रोज रात्री दिसणार आहे. आधी पुन्हा घासून घ्या, नाहीतर तिथे तो दिवा नको. अशा भिंतीला चमकदार रंगही नको, मॅटच द्या. गडद अक्रोडी लॅमिनेटची मोठी भिंत करणार असाल तर ती उजेड गिळते हे धरून आणखी एक बल्ब वाढवा, आणि छत मात्र पांढरंच राहू द्या.

ऊन

३ मिलिमीटरच्या साध्या काचेतून उन्हाची जवळजवळ ८५ टक्के ऊर्जा आत येते. ती एकदा आत आली की आतला पडदा तिला फक्त अडवून धरतो. पडदा तापतो आणि खोलीत उष्णता सोडतो. पश्चिमेचं ऊन तिरकं येत असल्यामुळे वरचा छज्जा दुपारनंतर निरुपयोगी ठरतो. म्हणून अडवायचं ते काचेच्या बाहेर : बांबूची चिक, शेडनेट, ग्रिलवर वेल. सोसायटी बाहेर काही लावू देत नसेल तर आत पांढऱ्या अस्तराचा पडदा, काचेच्या शक्य तितक्या जवळ. पांढरं अस्तर उन्हाचा काही भाग काचेतूनच परत पाठवतं, गडद कापड तो पिऊन घेतं.

शेवटच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता कित्येक तास उशिरा, नेमकी जेवणाच्या वेळी, खाली येते. तिथे पैसा गच्चीवर घाला. पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझेक किंवा परावर्तक पांढरा लेप स्लॅबला फारसं तापू देत नाही; आतलं फॉल्स सीलिंग तापलेल्या स्लॅबला नुसतं झाकतं. शिवाय त्यात ६ ते ८ इंच उंची जाते आणि पंखा खाली येतो. पंख्याची पाती छताला एक फुटाहून जवळ असली की त्याला वरून पुरेशी हवा मिळत नाही, आणि तो जोरात फिरूनही वारा कमी लागतो.

हाताला लागणाऱ्या वस्तू

फर्निचर डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा हातांना आणि पोटऱ्यांना जास्त भेटतं. टेबलाच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची पट्टी लावली तर कड मनगटाला कापते. २ मिलिमीटरची लावून गोल करून घ्या. ज्या कडेवर हात टेकतो तिथे सनमायक्याऐवजी सागाची पट्टी बसवायला सुताराला सांगा, खर्च थोडाच वाढतो. गडद मॅट लॅमिनेटवर बोटांचे तेलकट ठसे उठतात, विशेषतः हँडल नसलेल्या दारांवर. फिकट, बारीक रेषांचा लॅमिनेट ते लपवतो. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या भिंतीलगत एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) नको, बीडब्ल्यूपी ग्रेडचं (उकळत्या पाण्यातही टिकणारं) प्लाय घ्या आणि त्यावरचा आयएस ७१० चा शिक्का स्वतः बघा.

अंतरांच्या बाबतीत टेप हातात धरा. सोफा आणि टीपॉय यांत १४ ते १८ इंच. त्याहून कमी असेल तर गुडघे अडतात, जास्त असेल तर चहाचा कप ठेवायला वाकावं लागतं. ये-जा करण्याची वाट ३० इंच, मुख्य वर्दळीची असेल तर ३६. बैठक १६ ते १८ इंच उंच. आजी-आजोबा बसणार असतील तर १८ आणि फोम कठीण, म्हणजे उठताना कुणाचा हात मागावा लागत नाही. सोफ्याला ५-६ इंचांचे पाय असू द्या. खालची लादी दिसत राहिली की खोली मोकळी वाटते आणि झाडू आत जातो. जमिनीला टेकलेला पेटीसारखा सोफा छोट्या हॉलमध्ये जागा खातोच, शिवाय धूळही जपतो. चित्राचा मध्य साधारण ५७ ते ६० इंचांवर येतो, पण भारतीय बैठक असेल तर तेच चित्र एक फूट खाली घ्या.

पावसाळा

वर सांगितलेलं मऊ साहित्य जूनपासून चार महिने ओल पितं. बाहेरच्या भिंतीला कुठलंही कपाट, सोफा किंवा टांगलेली घोंगडी लावताना मागे दोन इंच हवा खेळू द्या. बुरशी नेहमी मागच्या, न दिसणाऱ्या बाजूने सुरू होते. लोकरीचं जाजम कोकणात किंवा मुंबईत पाऊस सुरू होण्याआधी उन्हात कडक वाळवून, गुंडाळून (घडी घालून नव्हे, घडीवर धागा तुटतो) कडुनिंबाच्या पूर्ण वाळलेल्या पानांसह सुती चादरीत बांधून ठेवा. प्लास्टिकमध्ये बांधलं तर आतली ओल आतच राहते. त्या काळात सुती सतरंजी वापरा, ती धुवून पंख्याखाली वाळते.

भिंतीवर डाग असेल तर रंगाआधी ओल कुठली ते शोधा. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय, रंगारी नव्हे तर प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला बोलवा. थेंब बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला आले तर खोलीतली हवा दमट आहे, खिडकी आणि एक्झॉस्ट पुरेल. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट किंवा वॉलपेपर लावला की आतलं पाणी अडतं आणि फोड येतात. चुन्याचा हात दिलेली भिंत वाफ बाहेर जाऊ देते, आणि चुना अल्कधर्मी असल्यामुळे तिच्यावर बुरशी सहज धरत नाही.

भाड्याचं घर असेल तर

भिंतीला भोक पाडायची परवानगी नसेल तरी यातलं बरंच जमतं. फेल्टसकट जाजम, कापडी कव्हर, शेडचे दोन दिवे आणि उघडं पुस्तकांचं कपाट या चौघांना ड्रिल लागत नाही. पडद्यांसाठी स्प्रिंगची दांडी वापरायची असेल तर ती खिडकीच्या कोनाड्यातच बसते आणि जड कापड पेलत नाही. आधी घरमालकाची जुनी दांडी आणि ब्रॅकेट पाहा, बहुतेक घरांत ते असतात, फक्त त्यांवर हलके पडदे असतात. घोंगडी किंवा गोधडी टांगायला सुताराकडून ६ × ३ फुटांची साधी लाकडी चौकट करून घ्या आणि भिंतीला तिरकी टेकवा. मागे आपोआप हवा राहते. चौकटीच्या खालच्या पायांना रबर लावा, लहान मुलं असतील तर वरच्या कडेला दोरी बांधून ती जवळच्या जड कपाटाला अडकवा. घरमालकाच्या ६५०० च्या ट्यूब काढल्या तर नाव लिहून खोक्यात माळ्यावर ठेवा, डिपॉझिट परत घेताना त्या लागतील.